अश्वप्रदर्शन स्पर्धांतील पोशाख

घोड्याची ठेवण, चाल, स्वभाव व निगा आणि घोडा व स्वार यांचा परस्परमेळ यांचे परीक्षण ज्या स्पर्धांत होते, त्यांत स्वाराने परिधान करावयाचा वेश. शर्यतीत वेळ मोजला जातो, अडथळ्यांच्या स्पर्धेत चुका मोजल्या जातात. अश्वप्रदर्शनात मात्र निर्णय परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून असतो. म्हणून पोशाख नीटनेटका असावा, पण त्याने परीक्षकाचे लक्ष घोड्यावरून ढळू नये, हे या वेशाचे मूळ सूत्र होय. हा वेश मुख्यतः ब्रिटनमध्ये घडला व तेथून इतर देशांत पसरला. रूढीने ठरविलेले रूप आणि स्वाराची सुरक्षितता यांत विरोध आल्यास अग्रक्रम कशाला द्यावयाचा, हा प्रश्न त्याच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो.

उगम : अठराव्या शतकातील इंग्रज जमीनदार वर्ग आपला बराच काळ घोड्यावर घालवीत असे. खोगिरावर बसताना अडचण होऊ नये, म्हणून कोटाचा पुढील भाग कापण्यात आला व मागे चीर ठेवण्यात आली. इंग्रजीतील ‘रायडिंग कोट’ या शब्दावरूनच फ्रेंच भाषेत ‘रेदँगोत’ हे वस्त्रनाम आले. कोल्ह्याच्या शिकारीत लोकरी कोट, गळ्याभोवती गुंडाळण्याचा पांढरा ‘स्टॉक’, तंग विजार व गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट हा वेश रूढ झाला. काटेरी झुडपे, पाऊस व चिखल यांपासून संरक्षण हा त्याचा हेतू होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्लिन येथे व १८८३ मध्ये न्यूयॉर्क येथे अश्वप्रदर्शने भरू लागली. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातील आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १९०७ मध्ये सुरू झाले. शिकारीच्या मैदानावरील वेश या प्रदर्शनांच्या रिंगणात आला आणि मूळची सोय हळूहळू शिष्टाचार बनली.

जोधपुरी विजार : या वेशाला भारताने दिलेली देणगी म्हणजे जोधपुरी विजार. मांडीशी सैल व पोटरीपासून घोट्यापर्यंत घट्ट अशी तिची ठेवण चुडीदार सुरवारीवरून आलेली आहे. जोधपूरचे सर प्रताप सिंग हे निष्णात पोलोपटू होते. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवासाठी ते इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या व त्यांच्या खेळाडूंच्या या विजारीकडे तेथील स्वारांचे लक्ष वेधले गेले. जुनी विजार पोटरीवरच संपत असल्याने तिच्यासोबत उंच बूट आवश्यक असत. जोधपुरी विजारीसोबत घोट्यापर्यंतचे बूट पुरेसे होत. मांडीवरील घोळ ही केवळ शोभा नव्हती. न ताणल्या जाणाऱ्या कापडात पाय फाकवून मांड टाकता यावी, म्हणून तो आवश्यक होता. १९५८ मध्ये स्पँडेक्स या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा शोध लागला व पुढे अशी कापडे प्रचारात आल्यावर हा घोळ नाहीसा झाला. नाव मात्र टिकून राहिले.

स्त्रियांचा वेश : एकोणिसाव्या शतकात यूरोपीय उच्चवर्गीय स्त्रिया दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूस ठेवून बसत आणि त्यासाठी लांब, घोळदार झगा वापरीत. पडताना हा झगा खोगिराच्या शिंगात अडके व स्त्री घोड्यामागे फरफटत जाई. अशा जीवघेण्या अपघातांमुळे १८७५ च्या सुमारास ‘सेफ्टी स्कर्ट’ प्रचारात आला. पुढे त्याची जागा विजारीवरून बांधावयाच्या, मागे खुल्या असलेल्या पडद्यासारख्या वस्त्राने घेतली. पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) स्त्रियाही पुरुषांप्रमाणे मांड टाकून बसू लागल्या व दोघांच्या वेशातील भेद कमी झाला. ऑलिंपिकमधील अश्वारोहण १९४८ पर्यंत लष्करी अधिकारी व हौशी पुरुष स्वारांपुरते मर्यादित होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात स्त्रियांना प्रवेश मिळाला आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी त्यात रौप्यपदक मिळविले.

शिरस्त्राण : वेशातील सर्वांत उशिरा सुधारलेला भाग म्हणजे टोपी. उंच रेशमी टोपी, बोलर व मखमली टोपी या दिसण्यास रुबाबदार असल्या, तरी जोराच्या आघातापासून मस्तकाचे पुरेसे रक्षण त्यांनी होत नसे. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना रस्त्यावर घोडेस्वारी करताना संरक्षक शिरस्त्राण आवश्यक ठरविले. प्रौढांच्या स्पर्धांत मात्र जुनी टोपी टिकून होती. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय यांचा घोडा सरावात अडखळून पडला. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते; कवटीला इजा होऊन त्या अनेक आठवडे बेशुद्ध होत्या. या घटनेने मतपरिवर्तनास मोठी चालना मिळाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या शार्लट ड्यूजार्डिन यांनी उंच टोपीची मुभा असतानाही शिरस्त्राण घालून ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने आपल्या स्पर्धांत शिरस्त्राण सर्वांना अनिवार्य केले आणि ड्रेसाजमधील उंच टोपीची परंपरा संपुष्टात आली.

नवोदितांचा वेश : ब्रिटिश पद्धतीच्या प्रदर्शनात प्रथमच उतरणाऱ्या स्वाराला मोजकीच वस्त्रे लागतात. शिकारी घोडे व देशी तट्टे यांच्या वर्गांत ट्वीडचा कोट, तर डौलदार ‘हॅक’ घोड्यांच्या वर्गात गडद निळा वा काळा कोट घालण्याची रूढी आहे. त्यासोबत फिकट रंगाचा सदरा, टाय, फिकट पिवळसर किंवा बदामी विजार, हातमोजे व साधी छडी असते. लहान मुले जोधपुरी विजार व आखूड बूट वापरतात. वाढत्या वयात उंच चामडी बूट वारंवार बदलण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

यांतील अनेक नियमांना व्यावहारिक आधार आहे. बुटाला लहान टाच असल्याने पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. हातमोज्यांमुळे घामाने ओला झालेला लगाम निसटत नाही. जाळीत बांधलेले केस डोळ्यांवर येत नाहीत. अंगावरील दागिने अडकून इजा होऊ शकते, म्हणून ते काढून ठेवतात. कोट, विजार व बूट वापरलेले घेतले तरी चालतात. शिरस्त्राण मात्र नवे, प्रचलित मानकानुसार प्रमाणित व डोक्यावर घट्ट बसणारे असावे. कारण जोराच्या आघाताने त्याच्या आतील थराची झालेली हानी बाहेरून दिसत नाही. असा आघात झालेले शिरस्त्राण पुन्हा वापरू नये. स्पर्धेपूर्वी हा संपूर्ण वेश घालून घोड्यावर सराव करणे हितावह असते. नव्या कोटाची सळसळ किंवा अपरिचित छडी यांनी घोडा बुजतो की काय, हे त्यावरून कळते.

महागडा पोशाख म्हणजे उत्तम पोशाख, हा समज या परंपरेच्या इतिहासाशी विसंगत आहे. तिचे बहुतेक घटक गरजेतून निर्माण झाले व गरज बदलताच बदलले किंवा लोप पावले. स्वच्छ, अंगाला बसणारा व सुरक्षित वेश ही नवोदित स्वाराकडून असलेली रास्त अपेक्षा होय; त्यापलीकडील सर्व शोभा घोड्याची असते.