सोयाबीन शिवारात आलं, चुलीवर कधी येणार?

आज बोलायचं आहे सोयाबीनबद्दल. तुम्ही म्हणाल, सोयाबीनचं आम्हाला काय नवं सांगता? खुरपण आम्ही करतो, गुत्तं घेऊन काढणी आम्ही करतो, शेंगांची टोकं आमच्याच बोटांत रुततात. खरं आहे. पण गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "या वर्षी घरात खायला किती सोयाबीन ठेवलं?" तेव्हा बाया एकमेकींकडे बघून हसतात. बियाण्यापुरतं ठेवलं, बाकी सगळं आडतीवर गेलं, हे बहुतेकींचं उत्तर असतं.

जे पीक आपल्या शिवारात सगळीकडे दिसतं, ते आपल्या ताटात का नाही? हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

आपल्या आजीच्या काळात नांदेड-लातूरच्या काळ्या रानात मुख्य पीक होतं ज्वारी. सोबत तूर, मूग, उडीद, करडई, कापूस. ज्वारी खळ्यावरून आधी घरात यायची. कणगीत, बळदात, पेवात साठायची. कणगीतून रोज किती काढायची, बलुत्याला किती द्यायची, अडल्यानडल्याला किती उसनी द्यायची, हे बहुतेक घरांत बाई ठरवायची. पैसा पुरुषाच्या खिशात असला तरी धान्य बाईच्या हातात होतं. भाकरी, कण्या, आंबील, घुगऱ्या आणि जनावराला कडबा, एवढं सगळं त्या एका पिकातून निघायचं.

1964 मध्ये संकरित ज्वारीचं पहिलं वाण आलं. आपण त्याला 'हायब्रीड' म्हणू लागलो. उतारा वाढला, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. भाव मिळेना, भाकरीला चव येईना. पुढं रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. पावसाळी ज्वारीचं रान मोकळं होत गेलं आणि त्या जागी सोयाबीन आलं.

सोयाबीन मूळचं चीनकडचं. तिथं ते हजारो वर्षांपासून खातात. आपल्या देशातही कुमाऊँच्या डोंगरात 'भट' नावाचं काळं सोयाबीन जुनं आहे. नागालँड, मणिपूर, सिक्कीमकडच्या बाया ते आंबवून रोजच्या जेवणात वापरतात. म्हणजे हे माणसाचं अन्न आहे, हे आपल्या देशातल्या बायांनाही कधीपासून ठाऊक आहे.

महाराष्ट्रातही एक प्रयत्न झाला होता. 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी तिथल्या लोकांच्या जेवणात सोयाबीन घालून पाहिलं आणि 'हरिजन' साप्ताहिकात त्यावर लिहिलं. गरिबाला स्वस्तात सकस अन्न मिळावं, हा त्यामागचा विचार होता. पण तेव्हा आपल्याकडं हे पीक पसरलं नाही.

ते पसरलं वेगळ्या वाटेनं. 1960 च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग झाले. मग माळव्यात पीक वाढलं, तेलाचे कारखाने निघाले. 1986 मध्ये केंद्र सरकारनं तेलबियांचं अभियान सुरू केलं. 1994 मध्ये जे.एस. 335 हे वाण आलं. तेच आपलं 'तीनशे पस्तीस'. परभणीच्या कृषी विद्यापीठानंही मराठवाड्यासाठी आपली वाणं काढली. पीक तीन-सव्वातीन महिन्यांत निघतं, मागं हरभरा घेता येतो, मळणी यंत्रानं होते. शेतकऱ्याला ते पटलं. आज लातूरचा बाजार सोयाबीनसाठी राज्यभर ओळखला जातो.

पण बघा, सोयाबीन आलं ते कारखान्यासाठी. एका क्विंटलमधून साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड उरते. या पिकाची खरी ताकद, म्हणजे प्रथिनं, त्या पेंडीत असते. ती पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते, परदेशात जाते. आपल्या घरी परत येतो तो तेलाचा पुडा, आणि कधीमधी सोयावडीचं पाकीट. बियाणं आणि खत कसं घालायचं हे शिकवायला माणसं आली, पण हे शिजवायचं कसं, हे बाईला कोणी सांगितलं नाही. आणि माल खळ्यावरून थेट गाडीत जाऊ लागला, तसा धान्यावरचा बाईचा हातही सुटला.

भावाचं तर आपण बघतोच. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरला क्विंटलला 10,000 रुपयांच्या आसपास भाव गेला. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. भाव चढला तरी पोरीच्या ताटात डाळ वाढत नाही, आणि पडला तर आहे ती डाळही पातळ होते. तूरडाळीत 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये 36 ते 40 ग्रॅम. महाग डाळ विकत आणायची आणि तिच्याहून सकस दाणा विकून टाकायचा, असा हा हिशेब आहे.

यावरचा एक सोपा उपाय चीनमधल्या लोकांनी दोन हजार वर्षांमागंच शोधला असं म्हणतात. सोयाबीनचं दूध काढायचं आणि ते नासवून पनीर करायचं. तिकडं त्याला टोफू म्हणतात, आपण सोया पनीर म्हणू. लागतं ते सगळं आपल्या घरात आहे.

पाव किलो सोयाबीन घ्या. मात्र पेरणीसाठी औषध लावलेलं, रंगीत बियाणं चुकूनही घेऊ नका. ते विष आहे. घरचे स्वच्छ दाणे निवडून रात्री भिजत घाला. सकाळी हातानं चोळून टरफलं काढा. पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, म्हणजे कच्चा उग्र वास जातो. मग गरम पाणी घालत मिक्सरमधून बारीक वाटा. सगळं मिळून दोन लिटर पाणी लागेल. सुती फडक्यातून गाळा. हे दूध मंद आचेवर हलवत राहा आणि उकळी आल्यावर 10 मिनिटं चांगलं शिजवा. कच्चं सोयाबीन पचत नाही, म्हणून इथं घाई नको.

खाली उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा. दोन लिंबांचा रस वाटीभर कोमट पाण्यात मिसळून हळूहळू घाला. दूध फाटून पाणी वेगळं झालं की फडक्यात बांधा आणि वर पाटा किंवा वरवंटा ठेवा. अर्ध्या तासात वडी धरते. पाव किलो दाण्यांचं साधारण 300 ग्रॅम पनीर होतं. लगेच वापरायचं नसेल तर थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी खा. गाळून राहिलेला चोथा टाकू नका. थालिपीठाच्या पिठात मिसळा आणि नीट भाजून घ्या.

संध्याकाळी रानातून आल्यावर करायला सोपं म्हणजे येसराची आमटी. येसूर तर आपल्या मराठवाड्याचाच. पनीरचे तुकडे थोड्या तेलात लालसर परता आणि बाजूला ठेवा. त्याच तेलात लसूण, कांदा, थोडं खोबरं परतून येसूर पाण्यात कालवून घाला. उकळी आली की तुकडे सोडा, पाच मिनिटं शिजू द्या. ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा. पनीरला स्वतःची चव फारशी नसते, ते येसराची चव धरतं. म्हणून लेकरंही कुरकुर करत नाहीत. पण अगदी तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी सोयाबीनचं दूध देऊ नका.

आमचं सांगणं असं नाही की सोयाबीन विकू नका. संसाराला पैसा लागतोच. सांगणं एवढंच की गाडी भरायच्या आधी एक पोतं बाजूला काढा. पोत्यात साधारण 60 किलो दाणे बसतात. आठवड्याला पाव किलो काढले तर वर्षाला 13 किलो. म्हणजे त्या एका पोत्यात चार घरांचं वर्ष निघतं. एकटीला पोतं जड वाटत असेल तर चौघींनी मिळून ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीत, बचतीचे पैसे जमा करायच्या आधी, हा एक ठराव वहीत लिहा. यंदाच्या राशीतलं घरचं सोयाबीन किती, ते बाई ठरवेल.