बेदाणा कीं वाईन? सांगली प्रांताच्या द्राक्षव्यवसायांतील एक प्रश्न

कौटिलीय अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ अशी संज्ञा असून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं दोन नांवें देशांवरून पडल्याचें तेथें सांगितलें आहे. पाणिनीनें कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ हें रूप साधण्यासाठीं स्वतंत्र सूत्र रचलें, आणि काशिकावृत्तीनें त्याचीं दोन उदाहरणें दिलीं: एक मधूचें व दुसरें द्राक्षेचें. म्हणजे फळ आणि मद्य या दोहोंस एकाच भूमीचें नांव लागे. आज ज्यास वाईन-पर्यटन म्हणतात त्याचें मूळ तत्त्व हेंच होय. पेल्यांतील रसास गांवाचें नांव लागावें आणि त्या नांवाच्या ओढीनें परगांवच्या मनुष्यानें मळ्यापर्यंत यावें. महाराष्ट्रांत हें नाशिकास साधलें. द्राक्षलागवडींत नाशिकच्या खालोखाल असलेल्या सांगलीस तें कां साधलें नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

दक्षिणेंत द्राक्ष नवें नाहीं. इ. स. १३४२ च्या सुमारास दौलताबादेस आलेल्या इब्न बतूतानें तेथील द्राक्षांस वर्षांतून दोनदां फळ येतें असें नमूद केलें आहे. तथापि सांगलीची आजची बागायत त्या परंपरेची वारस नव्हे. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत थॉम्पसन या बिनबियांच्या जातीवर उभी राहिली. तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं त्याच जातींतून निवडलेला वाण ‘तास-ए-गणेश’ म्हणून प्रसिद्ध आहे. हें नांव वाचतांच तासगांव व तेथें परशुरामभाऊ पटवर्धनांनीं बांधविलेलें गणपतीचें देवालय यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं.

राज्य शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें धोरण जाहीर केलें, वाईनीस उत्पादनशुल्कांत सूट दिली आणि दोन वाईन पार्क योजिले: नाशिक जिल्ह्यांत विंचूर येथें गोदावरीच्या नांवाचा, व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें कृष्णेच्या नांवाचा. कागदावर दोन्ही प्रांत समान होते. पुढें मात्र मार्ग वेगळे झाले. नाशिकजवळ सुला कंपनीनें १९९७ सालींच वेली लावल्या होत्या. २००० सालीं तिची पहिली वाईन निघाली व २००५ सालीं पाहुण्यांसाठीं चाखण्याची खोली उघडली. पलूसचें नांव प्रवाशांच्या तोंडीं कधीं रुळलें नाहीं.

याचें कारण सामान्यतः अंतर हें सांगितलें जातें. मुंबईहून नाशिक सुमारें १७० किलोमीटर, तर सांगली त्याच्या दुपटीहून अधिक. एका दिवसांत जाऊन येणाऱ्या शहरवासीयास हा भेद मोठाच. परंतु अंतर हेंच सर्व कारण मानतां येत नाहीं. पुण्याहून अगदीं जवळ नारायणगांव येथें १९८० नंतरच्या दशकांत उभी राहिलेली इंडेज ही वाईन कंपनी शहराच्या सान्निध्यानें तरली नाहीं. पुढें ती कर्जबाजारी होऊन बुडाली.

आमच्या मतें खरें उत्तर ‘बेदाणा’ या शब्दांतच आहे. हा शब्द फारशी असून ‘बे’ म्हणजे विना व ‘दाना’ म्हणजे बी. वाईनीचें द्राक्ष बहुधा लहान, जाड सालीचें व बियांचें असतें. तांबड्या वाईनीस लागणारा तुरटपणा साल व बी यांतूनच उतरतो. सांगलीच्या शेतकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या याच्या उलट, म्हणजे बिनबियांचें व पातळ सालीचें द्राक्ष पसंत केलें.

दुसरें कारण व्यवहाराचें. वाईनीचें द्राक्ष तोडल्यावर लगोलग कारखान्यांत गाळावें लागतें, आणि त्यास गिऱ्हाईक एकच, तो कारखानदार. उलट खाण्याच्या द्राक्षास भाव पडला तर शेतकरी त्याचे घड द्रावणांत बुडवून सावलीच्या शेडमध्यें जाळ्यांवर वाळवितो. कोरड्या हवेंत सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहांत ठेवून तासगांव वा सांगलीच्या सौद्यांत मनाजोगत्या भावाची वाट पाहतां येते. बेदाणा थांबतो, वाईनीचें द्राक्ष थांबत नाहीं. २००८ च्या मंदीनंतर राज्यांत वाईनीचा साठा पडून राहिला, कित्येक कारखाने बंद झाले व शेतकऱ्यांनीं त्या वेली उपटल्या, तेव्हां हा भेद सर्वांस दिसून आला. अवर्षणप्रवण प्रदेशांतील कुणब्यानें थांबणारें पीक निवडलें यांत नवल नाहीं.

सरकारी भौगोलिक निर्देशनाच्या नोंदींतही हाच निवाडा उमटला आहे. तेथें नाशिकच्या खोऱ्याची वाईन आहे, आणि २०१६ सालीं सांगलीचा बेदाणा नोंदला गेला. सांगलीस नांव लाभलें, परंतु तें वाळलेल्या फळावर. कापिशीप्रमाणें दोहोंवर नव्हे.

आतां संग्राहकांस एक विनंति. पटवर्धनी दफ्तराचा एकेक रुमाल आपण जपतों, पण कालपरवांचे कागद आपणांस अद्याप ‘साधन’ वाटत नाहींत. चालू धंद्याचे हिशेब टिकतात, बंद पडलेल्या कारखान्याचे प्रथम रद्दींत जातात. वाईन पार्कांतील भूखंडांचे करार, कारखान्यांनीं शेतकऱ्यांशीं केलेले द्राक्षखरेदीचे ठराव, उपटलेल्या वेलींच्या नोंदवह्या, बेदाण्याच्या सौद्यांच्या पट्ट्या, असें जें जें मिळेल तें तारीखवार लावून ठेवावें. जी वाट सांगलीनें सोडून दिली तिचा पुरावा राहिला नाहीं, तर पुढील संशोधक पलूसचा वाईन पार्क ही केवळ एक सरकारी घोषणा समजेल, आणि त्यावर विश्वास ठेवून वेली लावणाऱ्या शेतकऱ्यांची गोष्ट कोणासच कळणार नाहीं.