शोषखड्डा (नांदेड पॅटर्न)

न्हाणी व मोरीचे सांडपाणी घराजवळच जमिनीत जिरवणारा खड्डा. उगम : नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) येथे घरोघरी असे खड्डे झाले, 2015 च्या सुमारास जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून (पहा : मनरेगा) त्यांचा प्रसार केला. रचना : खड्ड्यात वरच्या बाजूस छिद्रे असलेली सिमेंटची टाकी बसवून भोवती दगडगोटे भरतात. गाळ तळाशी बसतो, निवळलेले पाणी छिद्रांतून झिरपते. काळ्या चिकण मातीत (पहा : रेगूर) पाणी फार सावकाश मुरते, म्हणून खड्डा मुरुमापर्यंत नेणे आणि गाळ वेळोवेळी काढणे अत्यावश्यक. शौचालयाचे मैलापाणी यात सोडत नाहीत (पहा : सेप्टिक टँक). महत्त्व : उघडी गटारे व डबकी हटल्याने क्युलेक्स डासांची पैदास घटते (पहा : हत्तीरोग).