आघात : रक्तमेद व गुठळीविलयन

अस्थिभंग, चेंगरणे, भाजणे किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर रक्तातील मेदद्रव्यांत व गुठळी विरघळविण्याच्या शक्तीत क्रमाने घडणारे बदल.

मेद : इजा होताच ॲड्रेनॅलीनच्या प्रभावाने चरबीच्या साठ्यांतून मेदाम्ले रक्तात उतरतात, त्यांपासून यकृत ट्रायग्लिसराइडे बनविते, त्यामुळे तीही वाढतात, कोलेस्टेरॉल मात्र काही दिवस घटते, म्हणून या काळातील मेदतपासणी रोग्याच्या नेहमीच्या प्रकृतीची साक्ष म्हणून ग्राह्य धरू नये. मांडीचे हाड मोडल्यास मज्जेतील मेदबिंदू शिरांवाटे फुप्फुसांत अडकतात (मेद-अंतर्कीलन), आणि बहुधा २४ ते ७२ तासांत धाप लागते, रोगी भ्रमिष्टासारखा बोलतो, काखेत व छातीवर बारीक लाल ठिपके उमटतात.

गुठळीविलयन : अकस्मात मृत्यूनंतर रक्त कधीकधी गोठत नाही, हे शल्यविशारद जॉन हंटर यांच्या १७९४ च्या ग्रंथात नमूद आहे, शस्त्रक्रियेनंतर गुठळी विरघळते, हे रक्तविशारद मॅकफार्लेन यांनी १९३७ मध्ये दाखविले. तीव्र आघात व रक्तस्राव झाला असता रक्तवाहिन्यांचे अस्तर प्लास्मिनोजेनास चेतविणारे द्रव्य सोडते, त्यातून निपजलेले प्लास्मिन गुठळीतील फायब्रिनचे धागे तोडते व रक्तस्राव बळावतो. पुढे काही तासांत त्या चेतविणाऱ्या द्रव्याचा रोधक वाढून विलयन मंदावते, फायब्रिन ज्यापासून बनते ते फायब्रिनोजेनही चढते, आणि अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या पायांच्या शिरांत गुठळ्या धरू लागतात.

सातारा-सांगली : असे आघात या मुलखाने पाहिले आहेत; ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण तालुक्यात दगडी भिंती निजलेल्यांवर कोसळल्या, तेव्हा चेंगरलेले व हाडे मोडलेले जखमी डोंगरातून खाली आणणे हेच पहिले दिव्य होते. पुणे-सातारा रस्त्यावरील खंबाटकीच्या घाटातील अपघातात किंवा उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेल्यांची गत आजही निराळी नाही. १८९४ मध्ये सुरू झालेले मिरजेचे वानलेस रुग्णालय आणि तेथीलच १९६२ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे या मुलखास मोठा आधार लाभला. तथापि रक्तातील हे पालट रुग्णालयाची वाट पाहत नाहीत.

उपचार : चाळीस देशांतील २०,२११ जखमींवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणाने गुठळीविलयन रोखणाऱ्या ट्रानेक्झामिक आम्लाचा लाभ सिद्ध केला : १ ग्रॅम १० मिनिटांत, पुढील १ ग्रॅम ८ तासांत, शिरेतून. इजेपासून तीन तासांनंतर सुरू केल्यास मात्र रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढल्याचे दिसले. मोडलेले हाड जागीच फळीने जखडावे व लवकर स्थिर करावे. रक्तस्राव पुरता थांबल्यावर शिरांतील गुठळ्या टाळण्यासाठी हेपारीन द्यावे. ट्रानेक्झामिक आम्ल स्वस्त आहे, पण ते देण्याची मुदत तोकडी आहे. यास्तव त्याचा साठा घाटपायथ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेत असणे अगत्याचे आहे.