एल कासो नेरुदा

चिलीचे लेखक रोबेर्तो आम्पुएरो (जन्म १९५३) यांची स्पॅनिश रहस्यकादंबरी. प्रकाशन २००८, इंग्रजी अनुवाद २०१२. कायेतानो ब्रुले हा आम्पुएरोंचा खासगी गुप्तहेर वाचकांना १९९३पासून ओळखीचा होता. मूळचा क्यूबाचा हा माणूस चिलीत येऊन या धंद्यात कसा पडला, ते इथे कळते. त्याला या वाटेला लावतात ते कवी पाब्लो नेरुदा.

कथा १९७३ सालची. नोबेल पारितोषिक मिळून दोन वर्षे होत आली आहेत आणि नेरुदा कर्करोगाने खंगले आहेत. मुक्काम वाल्पाराइसोच्या डोंगरउतारावरच्या ‘ला सेबास्तियाना’ या घरात. खाली शहरात राष्ट्राध्यक्ष आयेन्दे यांचे सरकार डळमळते आहे, दुकानांपुढे रांगा आहेत. अशा वेळी ते बेकार कायेतानोवर एक गुप्त काम सोपवतात: पूर्वी मेक्सिकोत असलेल्या डॉ. ब्राकामोन्ते यांचा शोध. अनुभव काहीच नसलेल्या कायेतानोच्या हाती ते जॉर्ज सिमेनॉनच्या, पोलीस अधिकारी मेग्रेच्या कादंबऱ्या ठेवतात. हेरगिरी शिकायची ती त्यांतूनच. पॅरिसमध्ये मेग्रेला साधते ते लॅटिन अमेरिकेत साधत नाही, हे कायेतानोला लवकरच उमगते. कादंबरीतला हा सर्वांत जिवंत धागा.

डॉक्टर हे निमित्त असते. नेरुदांना हवी असते डॉक्टरांची पत्नी बेआत्रिस, आणि एकाच प्रश्नाचे उत्तर: तिची मुलगी आपली आहे का? हे प्रकरण कल्पित असले, तरी त्यामागची जखम खरी आहे. पहिली पत्नी मारिया आन्तोनिएता हिच्यापासून नेरुदांना झालेली माल्वा मारिना (जन्म माद्रिद, १९३४) जलशीर्ष या विकाराने आजारी होती. नेरुदांनी दोघींना सोडले. मुलगी १९४३ साली नेदरलँड्समध्ये वारली. त्यांच्या आत्मचरित्रात तिचा उल्लेखही नाही. आम्पुएरो कवीला या मौनाचा जाब विचारतात, तोही त्याच्याविषयीची माया न सोडता. म्हणूनच खुनाच्या तपासावर न बेतलेली ही कादंबरी शेवटपर्यंत धरून ठेवते. भागांना जोसी, मारिया आन्तोनिएता, देलिया, मातिल्दे आणि त्रिनिदाद ही नावे आहेत. पहिल्या चौघी नेरुदांच्या प्रेयसी वा पत्नी, तर त्रिनिदाद त्यांना वाढवणारी सावत्र आई.

मेक्सिको, क्यूबा, पूर्व जर्मनी आणि बोलिव्हिया असा तपास फिरतो. मधला प्रवास काहीसा लांबतो. क्यूबा आणि पूर्व जर्मनीची वर्णने मात्र पाहिलेल्या माणसाची आहेत: ११ सप्टेंबर १९७३च्या लष्करी उठावानंतर देश सोडलेले आम्पुएरो या दोन्ही देशांत राहिले होते. त्या उठावानंतर बारा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, सान्तियागोतील रुग्णालयात नेरुदांचे निधन झाले. कथेतला तपासही याच दिवसांच्या कचाट्यात सापडतो. आम्पुएरो पुढे २०१८–१९ या काळात चिलीचे परराष्ट्रमंत्री होते.