दिवा घेतलेली ‘ती’ तरुणी: हे चित्र रविवर्मांचं नाही, मग कुणाचं?

दिवाळी आली की हातात दिवा घेतलेल्या, साडी नेसलेल्या तरुणीचं एक चित्र सोशल मीडियावर फिरू लागतं. त्याखाली अनेकदा राजा रविवर्मा यांचं नाव असतं. पण ते चुकीचं आहे.

मग चित्रकार कोण?
चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’. ते काढलं मूळ सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांनी, १९४५-४६च्या सुमारास. रविवर्मांचं निधन १९०६ मध्येच झालं होतं.

चित्रातली तरुणी कोण?
हळदणकरांची मुलगी गीता. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या. २०१८ मध्ये कोल्हापुरात वयाच्या १०२व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

चित्रात विशेष काय?
अनेकांना हे तैलचित्र वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून पुन्हा रंग देता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नसते. उजेड दाखवायचा तर तिथला कागद आधीच राखून ठेवावा लागतो. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी उन्हाचा पाठलाग केला. हळदणकरांनी एका ज्योतीचा उजेड पकडला. ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताची बोटं त्या उजेडाने लालसर झालेली दिसतात.

मूळ चित्र कुठे आहे?
म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील कलादालनात.

यंदा हे चित्र स्टेटसला ठेवाल, तेव्हा खाली हळदणकरांचं नाव नक्की लिहा.