उसात लपलेला आजा

'वेर्क ओने आउटोर' (२०१८) या जर्मन चित्रपटात नाझी राजवट घरातल्या मावशीच्या नसबंदीचा हुकूम काढते, पुढे तिला ठारच मारते. तो पाहताना मला शिर्डीचा माझा आजा आठवला. १९७६ साली नसबंदीवाले आले की तो उसात लपायचा, ऊसही दुसऱ्याचाच.

त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. तरी १९७६-७७ मध्ये देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या.

संततिनियमनाला आंबेडकरी चळवळीचा विरोध नव्हता. १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षाचे, नगर जिल्ह्याचे आमदार रोहम यांनी मुंबई विधानसभेत त्यासाठी ठराव मांडला. नको असलेले बाळंतपण बाईला टाळता यावे, हा विचार त्यामागे होता. सभागृहाने तो फेटाळला. आम्ही हक्क मागितला होता. आणीबाणीने हुकूम दिला.